देवाला शेजारती आहे, भक्ताला नाही

ऑक्टोबर २०२३ मध्ये देशातील एका नामांकित संगणक-उद्योगाच्या संस्थापकांनी तरुणांना आठवड्यास ७० तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका बड्या उद्योगाच्या अध्यक्षांचे बोल बाहेर आले. त्यांनी तो आकडा ९० वर नेला आणि रविवारी घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ पाहत राहणार, असा प्रश्नही विचारला. या उद्गारांवर तेव्हा पुष्कळ टीका झाली, थट्टाही झाली, आणि ती यथायोग्यच होती. ९० तासांचा हिशेब अगदी सोपा आहे. आठवड्याचे ६ दिवस धरले तर रोजचे १५ तास होतात. उरलेल्या ९ तासांत झोप, जेवण, प्रवास, देवपूजा आणि ते बायकोकडे पाहणे, हे सारे वाटून घ्यावयाचे!

परंतु आमचा आजचा वाद या गृहस्थांशी नाही. ते उघड प्रतिपक्षी आहेत, आणि उघड प्रतिपक्ष्याशी भांडणे वकिलाला नेहमीच सोपे जाते. आमचा वाद आहे तो मित्राच्या वेषाने पुढे येणाऱ्या उपदेशकांशी. “काम आणि जीवन यांचा समतोल साधा, एखादा छंद जोपासा, आठवड्यातून दोन तास पेटी वाजवा किंवा बागेत रमा, म्हणजे मनाचा शीण जाईल आणि सोमवारी तुम्ही दुप्पट उमेदीने कामाला लागाल,” असे हे उपदेशक सांगतात. ऐकावयास हे फार गोड वाटते. कचेऱ्यांतून अशी व्याख्याने होतात, ती ऐकावयास नोकरवर्गाला सक्तीने बसविले जाते, आणि व्याख्यान संपल्यावर वाया गेलेला तास भरून काढण्यासाठी त्याच मंडळींना संध्याकाळी उशिरापर्यंत थांबावे लागते. ही अतिशयोक्ती नव्हे. आमच्या परिचयातील तरुण मंडळींकडून आम्ही हे एकापेक्षा अधिक वेळा ऐकले आहे.

या उपदेशात दोन लबाड्या आहेत. पहिली अशी की, त्यात विरंगुळ्याला कामाचा नोकर केले आहे. बैलाला पाणी पाजावयाचे ते तो दुपारनंतर पुन्हा नांगर ओढील म्हणून. तशीच ही पेटी आणि तशीच ही बाग. दुसरी लबाडी अधिक सूक्ष्म आहे. वेळ मालकाने घ्यावयाचा आणि समतोल मात्र नोकराने साधावयाचा! ज्याच्या हाती तराजूच नाही त्याला पारडी सारखी का नाहीत म्हणून जाब विचारावयाचा, त्यातलाच हा प्रकार. संध्याकाळी आठ वाजता परदेशातील ग्राहकाचा फोन येणार असेल, तर त्या माणसाने छंद कोणत्या मुहूर्तावर जोपासावा? तो दिवसाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांत काहीतरी करू पाहतो, ते जमत नाही, आणि शेवटी आपल्यातच निर्धार कमी आहे असे समजून स्वतःलाच दोष देतो.

आमचे म्हणणे असे आहे की फुरसत ही उरलेली वेळ नव्हे. ती ठरलेली वेळ आहे. एकट्याच्या निश्चयाने ती कधीही टिकली नाही. जेथे जेथे ती टिकली, तेथे तेथे ती समाजाने नेमून दिलेली, पंचांगात किंवा कायद्यात लिहिलेली, आणि मोडली असता चारचौघांत लाज वाटावी अशी होती. ही गोष्ट देवळात जाणाऱ्या वाचकांना पटवून द्यावयास आम्हांस दूर जाण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष देवाची दिनचर्या पाहावी. पहाटे काकडआरती, दुपारी महानैवेद्य, नैवेद्यानंतर दरवाजा बंद, रात्री शेजारती. शेजारतीनंतर कोणी कितीही मोठा यजमान आला तरी पुजारी त्याला उद्या या म्हणून सांगतो. पंढरपुरास आषाढी वारीच्या गर्दीत देवाचा पलंग काढून ठेवतात आणि रात्रंदिवस दर्शन चालू राहते. परंतु वारी संपताच प्रक्षाळपूजा होते, उभे राहून आलेला देवाचा शिणवटा घालविण्यासाठी त्याला औषधी काढ्याचा नैवेद्य दाखवितात आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. ज्या परंपरेने साक्षात विठ्ठलाला थकवा येतो असे मानले आणि त्याच्या विश्रांतीची तिथी ठरवून दिली, त्या परंपरेचे वारस आपल्या दुकानातील पोऱ्याला थकवा येतो हे मानावयास तयार नसतात! शास्त्राभ्यासाचीही हीच गोष्ट. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या, प्रतिपदा या तिथींना वेदपठण बंद. त्याला अनध्याय म्हणत. वेदांहून पवित्र काम आमच्या पूर्वजांना ठाऊक नव्हते, आणि त्या कामालाही त्यांनी सुट्टी लावून दिली होती. अनध्याय पाळला तर दुसऱ्या दिवशी पाठांतर वाढेल, अशी लालूच त्यात नव्हती. अमुक तिथीस अभ्यास करावयाचा नाही, एवढाच नियम होता.

आता कायद्याकडे वळू. आपण ज्याला रविवारची सुट्टी म्हणतो ती सरकारने दयाबुद्धीने दिली, असा पुष्कळांचा समज आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामाचे तास सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत असत. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने मुलांपुरती काही बंधने घातली. प्रौढ कामगाराला त्याने काहीही दिले नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली, सभा भरविल्या, हजारो कामगारांच्या सह्यांचे अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे बळ आले. लोखंड्यांच्या युक्तिवादातील जो भाग परंपरेने सांगितला जातो तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. रविवार हा खंडोबाचा वार आहे, तो आम्हांस मोकळा हवा, आणि त्यातला काही वेळ आम्ही समाजाच्या कामासाठी वापरू, असे ते म्हणत. सुट्टी दिलीत तर सोमवारी जास्त कापड विणू, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी मालकाच्या वेळेविरुद्ध देवाचा वार उभा केला. मालकाच्या हिशेबात जे बसत नाही तेच त्यांनी मागितले, आणि मिळविले.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा संपली. कामाचे तास पुन्हा वाढले. (आज खिशातल्या फोनने जे केले ते तेव्हा विजेच्या दिव्याने केले होते.) पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. त्याच वर्षी १० डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात विश्रांती व फुरसत यांचा हक्क २४ व्या कलमात आला. आमच्या राज्यघटनेचा ४३ वा अनुच्छेद त्याहून पुढे जातो. कामगाराला निर्वाहापुरते वेतन मिळावे एवढेच सांगून तो थांबत नाही. फुरसतीचा आणि सामाजिक व सांस्कृतिक संधींचा पूर्ण उपभोग त्याला घेता यावा, असेही तो म्हणतो. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. ३७ व्या अनुच्छेदामुळे न्यायालयात त्याची अंमलबजावणी मागता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु घटनाकारांनी ‘उपभोग’ ही कल्पना योजली, ‘उपयोग’ ही नव्हे, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो.

प्रतिपक्ष म्हणेल, हे सारे ठीक, पण राष्ट्र मागे पडेल त्याचे काय? यावर एकच पुरावा पुढे ठेवतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे २०१६ या एका वर्षात दीर्घकाळ काम केल्याशी निगडित असे सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू पक्षाघात व हृदयविकार यांनी झाले. आठवड्यास ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्याला, ३५ ते ४० तास करणाऱ्याच्या मानाने, पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के अधिक असतो. ज्या जपानचे उदाहरण आपल्याला उठल्यासुटल्या दिले जाते, त्या जपानला अतिकामाने येणाऱ्या मृत्यूसाठी ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्दच वापरावा लागला आणि २०१४ मध्ये तो टाळण्यासाठी कायदा करावा लागला. राष्ट्र पुढे जाते म्हणजे नेमके कोण पुढे जातो, हे तिरडीला खांदा देणाऱ्यांना विचारावे.

दुसरा आक्षेप आमच्याच वर्तुळातून येतो आणि तो जास्त आदराने ऐकला पाहिजे. “काम हीच पूजा. सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला, जनाबाईला जात्यावर भेटला; मग वेगळी फुरसत कशाला?” असे कीर्तनातही सांगतात. खरे आहे. पण सावता माळ्याला मळा किती वाफ्यांनी मागे पडला हे विचारणारा पर्यवेक्षक नव्हता, आणि जनाबाईच्या ओव्या तिच्या स्वतःच्या होत्या. कष्ट करता करता गाणे सुचणे ही संताची थोरवी. त्या थोरवीचा दाखला देऊन दुसऱ्याचे कष्ट लांबविणे हा संतांच्या नावाने केलेला व्यापार आहे. संतांचा दाखला देणारे शेटजी स्वतः दुपारी वामकुक्षी घेतात, हे आम्ही सद्भावाने नमूद करतो. वामकुक्षीविरुद्ध आमची तक्रार नाही. गोव्यात दुपारी एक ते चार दुकानाची फळी लागलेली असे, तेव्हा परप्रांतीय आम्हांस आळशी म्हणत. आता त्याच ‘सुशेगाद’ वृत्तीच्या नावावर समुद्रकाठच्या हॉटेलांत खोल्या विकल्या जातात, आणि त्या खोल्या झाडणाऱ्या पोरीला दुपारची पाठ टेकावयास मिळत नाही.

आमच्याकडे फुरसत कशी नेमलेली असे ते आठवावे. पौष महिन्यात गोव्याच्या गावागावांत धालो रंगत. दिवसभर शेतात आणि चुलीपाशी राबलेल्या बायका रात्री मांडावर जमत, समोरासमोर ओळी धरून गात नाचत, आणि पाच-सात रात्री हे चाले. पुरुषांना तेथे भाग घेण्याची मुभा नसे. आता या व्यवस्थेतील शहाणपण पाहावे. ‘तुला कंटाळा आला असेल तर जरा गाणे म्हण’ असे त्या बाईला कोणी सांगितले नव्हते. मांड हा देवाचा. तेथे जाणे हे कर्तव्य. म्हणून सासू तिला अडवू शकत नव्हती आणि नवरा जेवण मागू शकत नव्हता. सवड मिळाली तर जा, असे म्हटले असते तर ती बाई जन्मभर मांडावर गेली नसती. आज पुष्कळ ठिकाणी धालो उरला आहे तो रंगमंचावरच्या स्पर्धेपुरता: दहा मिनिटे, सारख्या साड्या, परीक्षक आणि ध्वनिक्षेपक. स्पर्धेला आम्ही नावे ठेवत नाही. पण मांडावरच्या रात्री त्या बायकांच्या स्वतःच्या होत्या. स्पर्धेची दहा मिनिटे प्रेक्षकांची आहेत.

वास्को येथील दामोदर भजनी सप्ताहाचेही असेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या संकटात लोकांनी जांबावलीच्या दामोदराचे श्रीफळ आणून ठेवले आणि अखंड भजन आरंभिले. नाव सप्ताह, पण भजन २४ तासांचे. ते खंडू द्यावयाचे नाही म्हणून पथके आळीपाळीने उभी राहतात. जो एरव्ही हिशेबाच्या वह्या लिहितो तो त्या रात्री टाळ धरतो, कारण तो गेला नाही तर साखळी तुटेल. त्याचा आवाज बरा आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. छंदाला असा आधार असावा लागतो. नाहीतर पेटी कपाटावर चढते आणि तिच्या भात्याला कसर लागते.

येथे आमच्या व्यवसायातील एका थोर पुरुषाची आठवण होते. विष्णु नारायण भातखंडे हे १८८७ चे कायद्याचे पदवीधर. काही वर्षे त्यांनी वकिली केली. गाणे ते शिकले मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत. ही पारशी गृहस्थांनी चालविलेली हौशी मंडळी होती, आणि तेथे ठरलेल्या वेळी जमून ऐकण्या-शिकण्याचा परिपाठ होता. पुढे त्यांनी वकिली सोडली, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली, बडोद्याच्या संगीतशाळेची घडी बसविली आणि १९१८ मध्ये ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयाची उभारणी केली. वडोदऱ्याच्या व ग्वाल्हेरच्या आमच्या वाचकांना हे सांगावयास नको. मात्र हे उदाहरण उपदेशकांच्या हाती पडले की ते लगेच म्हणतील, पाहा, छंदातून केवढे कार्य झाले! म्हणून आम्ही मुद्दाम सांगतो की त्या मंडळीत येऊन बसणारे इतर पुष्कळजण असतील, ज्यांनी एकही ग्रंथ लिहिला नाही, ज्यांचा षड्जही कदाचित नीट लागत नसेल, आणि ज्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्या संध्याकाळी वाया गेल्या असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता घरच्या गोष्टी. बाहेरच्या उद्योगपतींवर तोंडसुख घेणे सोपे आहे. आमची देवस्थाने काय करतात? गोव्याची उत्सवी रंगभूमी ही हौशी माणसांची रंगभूमी होती. जत्रेपूर्वी महिना-दीड महिना रात्री तालमी होत. पोस्टातला कारकून संभाजी होई, शिक्षक औरंगजेब होई, नक्कल विसरल्यावर पडद्याआडून सांगणारा गावचा किराणा दुकानदार असे. आज कितीतरी ठिकाणी समिती बाहेरचे नाटक किंवा वाद्यवृंद ठरवून मोकळी होते. कारण विचारले तर सांगतात की तालमीला मुले येत नाहीत. मुले का येत नाहीत हे मात्र कोणी विचारीत नाही. चतुर्थीला घुमट, शामेळ आणि कासाळे यांवर घरोघर आरत्या होत. आता ध्वनिमुद्रित आरती लावून यजमान आपल्या फोनकडे पाहत उभा असतो. व्यावसायिक कलावंतांवर आमचा राग नाही. त्यांना बोलवावे, मानाने बिदागी द्यावी. पण उत्सवाच्या सगळ्याच रात्री विकत घेतल्या तर गावकऱ्याला करावयाचे उरते काय? वर्गणी देणे आणि खुर्चीवर बसणे.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. सभामंडपाच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या असतात. पाटीवर ज्या देणगीदाराचे नाव कोरले आहे त्याचे बाजारपेठेतील दुकान जत्रेच्या रात्रीही दहापर्यंत उघडे असते, आणि आत जो कापड मोजत उभा असतो तो त्याच देवाचा भक्त, कित्येकदा त्याच देवाच्या सेवेकऱ्यांपैकी. गोव्याच्या १९७३ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने साप्ताहिक सुट्टी घालून दिली; ती कागदावर दाखविली जाते आणि प्रत्यक्षात साठा मोजण्यात जाते, हे वकिली करणाऱ्या कोणालाही विचारावे. दान पैशाचे घेतले, वेळेचे मात्र घेतले नाही. आणि जो दुसऱ्याचा वेळ खातो त्याला आपण उत्सवात शाल-श्रीफळ देतो. १९३३ च्या नियमनापासून देवळांचा कारभार महाजनांच्या समितीकडे आहे. या समित्यांचे सभासद बहुधा धनी असतात, नोकर नव्हे. म्हणून हा प्रश्न सभेपुढे येतच नाही.

आणि महाप्रसादाच्या दिवशी स्त्रिया कोठे असतात? भाजी चिरण्याच्या पाटावर. त्यांचा छंद स्वयंपाक आहे, अशी पुरुषांनी आपली समजूत करून घेतली आहे. ज्या घरात बाप ‘समतोल’ साधण्यासाठी रविवारी पहाटे फिरावयास जातो, त्या घरात आई त्याच्या आधी उठून चहा ठेवते. तिचा रविवार लोखंड्यांना मिळविता आला नाही. तो तिच्या घरच्यांनीच द्यावयाचा आहे.

हातातल्या फोनला काही लोक फुरसत समजतात, त्यांच्यासाठी वेगळे लिहिण्याची आमची इच्छा नाही. ज्या करमणुकीतून उठल्यावर माणसाला आपण काय पाहिले हे सांगता येत नाही, तिचा धनीही दुसराच कोणीतरी असतो.

बेळगाव, इंदूर, हैदराबाद येथील मराठी मंडळांची स्थिती थोडी निराळी आहे. तेथे देऊळ आणि मंडळ मिळून परक्या शहरात आपल्या भाषेचे घर होते. बुधवारचे भजन चुकले तर माणसे विचारपूस करीत. तेथील पुष्कळ वडीलधाऱ्यांची तक्रार आहे की तरुण फिरकत नाहीत. त्यांना आमची विनंती अशी की, सहा वाजताचे भजन साडेआठला करून पाहावे. निवृत्तांच्या सोयीची वेळ कायम ठेवून नोकरी करणाऱ्यांच्या अनास्थेवर भाषणे करू नयेत.

येत्या वार्षिक सभेसाठी आम्ही एक ठराव सुचवितो. सूचक मिळाला तर अनुमोदन द्यावयास आम्ही तयार आहोत. आठवड्यातील एक संध्याकाळ सभामंडप सर्वांसाठी राखून ठेवावा, आणि ती कोणत्याही कारणाने भाड्याने देऊ नये. उत्सवातील निदान एक नाटक गावच्याच माणसांनी करावे, कसेही होवो. महाप्रसादाचा एक दिवस पुरुषांनी रांधावा. आणि पालखीच्या रात्री सात वाजता ज्याने आपले दुकान बंद करून नोकरांना मोकळे केले असेल, त्यालाच पालखीला खांदा लावण्याचा पहिला मान द्यावा. पाटीवर त्याचे नाव असो वा नसो.